कुठला इरिडियम?

ग्रेनोबलला मी पहिल्यांदा गेले ती रात्रपाळी करायला. जर्मनीत पीएच.डी.ला रुजू होऊन फार काळ झाला नव्हता आणि आमच्या गटाला तिथल्या युरोपियन सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे ईएसआरएफवर, बीमटाइम मिळाला होता. तिथे वेळ आठ-आठ तासांच्या पाळ्यांत मोजून देतात. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, त्यांतले निवडक मंजूर होतात, आणि पदरात पडलेल्या पाळ्यांतला एक तासही कुणी वाया जाऊ देत नाही. त्यामुळे मोजणी रात्रभर चालते आणि तिच्यासमोर कुणीतरी जागं असावं लागतं. रात्र नव्या मुलीच्या वाट्याला आली. मला ती हवीच होती.

द्राक आणि इझेर या नद्या जिथे भेटतात तिथल्या चिंचोळ्या जमिनीवर ही गोल इमारत आहे. शेजारी न्यूट्रॉनची प्रयोगशाळा, सभोवार डोंगर. आतल्या कड्याचा परीघ ८४४ मीटर. त्यात ६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सेकंदाला साडेतीन लाखांहून जास्त फेऱ्या मारतात आणि चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जाताना क्ष-किरण सोडतात. कड्यापासून फुटणाऱ्या या किरणांच्या वाटा म्हणजे बीमलाइन. आमची होती आयडी-२०. इंदूरचं इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन मी एम.एस्सी.च्या सहलीत पाहिलं होतं, त्यामुळे शिशाची दारं, आत कुणी राहिलं नाही ना हे बघत फिरून भिंतीवरची बटणं दाबणं, मग दार लावून किरण सोडणं, हे सगळं अगदीच अनोळखी नव्हतं. अनोळखी होता तो प्रश्न, जो घेऊन आम्ही तिथे गेलो होतो.

आमच्या गटात एक नागपूरचे पोस्टडॉक होते. परक्या देशात मराठी बोलायला मिळालं की नातं आपोआप ठरतं, त्यामुळे ते पहिल्याच आठवड्यात दादा झाले. भिंगाखाली बघत त्यांनी स्फटिक तांब्याच्या पट्टीवर चांदीच्या लेपानं चिकटवला. काळा, चकचकीत, एक मिलिमीटरही नाही. वरच्या सपाट बाजूला षटकोनाच्या तीन कडा स्वच्छ दिसत होत्या, उरलेल्या तुटलेल्या. त्या सपाट बाजूला काटकोनात जी दिशा, तीच आमच्या कामाची. स्फटिकातल्या सगळ्या जोड्या तिच्याच रेषेत उभ्या असतात.

जोड्या कसल्या, तर इरिडियमच्या. बेरियम, ऑक्सिजन आणि इरिडियम यांची षटकोनी घडणीची काही ऑक्साइडं आहेत. त्यांत प्रत्येक इरिडियमभोवती सहा ऑक्सिजनांचं अष्टफलक असतं, आणि दोन शेजारी अष्टफलकं एक अख्खी बाजू सामाईक वापरतात. परिणामी दोन इरिडियम एकमेकांपासून सुमारे अडीच अँगस्ट्रॉमवर येतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. शुद्ध इरिडियम धातूतही शेजाऱ्यांमध्ये २.७ अँगस्ट्रॉम अंतर असतं, म्हणजे या जोड्या धातूहूनही घट्ट आहेत. प्रत्येक इरिडियमच्या बाहेरच्या कवचात एका इलेक्ट्रॉनाची जागा रिकामी. प्रश्न एवढाच होता: ही रिकामी जागा आपापल्या अणूची आहे, की जोडीची?

तो वाचायला सोपा आहे. मला मात्र आधी हेच कळेना की असल्या प्रश्नाचं उत्तर मोजून कसं मिळेल. ‘जोडीची’ ही गोष्ट कुठल्या पट्टीवर वाचायची?

उत्तर होतं व्यतिकरण, आणि तिथेच माझी खरी पंचाईत झाली. व्यतिकरण मला ठाऊक होतं. बी.एस्सी.ला अंधाऱ्या खोलीत सोडियमच्या दिव्यासमोर बायप्रिझम लावून पिवळे-काळे पट्टे मोजले होते. क्ष-किरणांचं स्फटिकातलं व्यतिकरणही नवं नाही, ते १९१२ पासून चालत आलं आहे आणि स्फटिकांच्या रचना आपल्याला त्यातूनच कळतात. पण त्या सगळ्यात फोटॉन जसा येतो तसाच जातो. कुठल्या अणूवरून आला याची कसलीही नोंद तो मागे ठेवत नाही, म्हणून सगळ्या अणूंवरून येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळू शकतात.

आमच्या प्रयोगात तसं नव्हतं. या पद्धतीला रिक्स म्हणतात. ११.२१५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन इरिडियमच्या अगदी आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उचलतो आणि बाहेरच्या रिकाम्या जागी नेऊन ठेवतो. आत भोक पडतं. ते एका फेमटोसेकंदाच्याही आत भरलं जातं, म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यांतल्या एकाहूनही कमी वेळात. दुसरा इलेक्ट्रॉन खाली येतो, नवा फोटॉन बाहेर पडतो आणि त्याची ऊर्जा आलेल्या फोटॉनहून किंचित कमी भरते. कमी पडलेली ऊर्जा पदार्थात राहिलेली असते. कुठल्यातरी इलेक्ट्रॉनानं जागा बदललेली असते, त्याला आम्ही उत्तेजन म्हणतो.

म्हणजे फोटॉन खूण ठेवून गेला. दोन फटींच्या प्रयोगातून सगळ्यांनी घोकलेला धडा असा की कुठल्या फटीतून गेला याची खूण राहिली की पट्टे पुसले जातात. शिवाय आतल्या कवचातलं ते भोक इतकं लहान, इतकं अणुकेंद्राला चिकटलेलं असतं की ते दोन अणूंवर पसरूच शकत नाही. एक तर या इरिडियमवर, नाही तर त्या. मग पट्टे दिसायचे कसे? मी हे कागदावर मांडून पाहिलं, सूत्रं लिहिली, सूत्रांतून पट्टे आले. सूत्रांवर विश्वास होता, पण गोष्ट पटत नव्हती.

बीमलाइनच्या केबिनमध्ये स्फटिक थंड व्हायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं.

“दादा, भोक एकाच अणूवर पडतं ना?”

“हो.”

“मग कुठल्या ते कळायला हवं.”

“कशावरून कळेल? भोक तर भरलं. आता मागं काय उरलं ते सांग.”

“उत्तेजन.”

“ते कोणाचं आहे?”

मी गप्प झाले. ते काही बोलले नाहीत, थर्मामीटरचे आकडे वहीत उतरवत बसले.

ते कोणाचं आहे, हेच तर सगळं. उत्तेजन डाव्या इरिडियमचं असेल तर ती खूण आहे, डावीकडे बोट दाखवणारी. उजव्याचं असेल तर उजवीकडे. पण इलेक्ट्रॉन जर मुळात जोडीचा असेल, दोन्ही अणूंवर सारखा पसरलेल्या कक्षेत राहत असेल, तर मागे उरलेलं उत्तेजनही जोडीचंच असतं. भोक डावीकडे पडून भरलं किंवा उजवीकडे पडून भरलं, शेवटी उरणारी अवस्था तंतोतंत तीच. जात्याचा खुंटा दोघींनी धरलेला असतो आणि पडलेल्या पिठाकडे बघून ते कुणाच्या हाताचं हे सांगता येत नाही, तसं. अर्थात जात्यापाशी दोन हात एकमेकांना धरून पीठ कधी नाहीसं करत नाहीत. इथे करतात. दोन वाटांचे आयाम जुळले तर चौपट प्रकाश, विरुद्ध पडले तर शून्य, आणि जुळणं-न जुळणं हे आपण कुठल्या कोनातून बघतो यावर ठरतं. मघाचा धडा चुकीचा नव्हता. खूण राहते, पण ती दोघांपैकी एकाकडे बोट दाखवत नाही.

असं होऊ शकतं हे सिद्धान्तवाल्यांनी १९९० च्या दशकात लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्ष दिसायला २०१९ उजाडलं. कोलोनच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेला तो प्रयोग याच आयडी-२० वर झाला होता. बेरियम, सेरियम, इरिडियम आणि ऑक्सिजनच्या स्फटिकावर त्यांनी यंगच्या दोन फटींचा हा नवा अवतार दाखवला. आमचा स्फटिक त्याच कुटुंबातला. एक योग मला फार आवडतो. १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत थॉमस यंगनं उन्हाच्या बारीक झोतात पुठ्ठ्याची अरुंद पट्टी आडवी धरल्याचं आणि तिच्या सावलीत पट्टे उमटल्याचं सांगितलं. एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले पट्टे नाहीसे होत. त्याच वर्षी, त्याच शहरात स्मिथसन टेनंटला प्लॅटिनमच्या न विरघळलेल्या काळ्या चुऱ्यात इरिडियम सापडलं. यंगची पट्टी आणि टेनंटचं मूलद्रव्य एकत्र यायला दोनशेहून जास्त वर्षं गेली.

यंत्राविषयी थोडं सांगायला हवं, कारण हे दिसतं ते यंत्राच्या कसामुळे. दृश्य प्रकाशाची लाट काही हजार अँगस्ट्रॉमची, तिला अडीच अँगस्ट्रॉमवरच्या दोन फटी वेगळ्या जाणवतच नाहीत. आमच्या क्ष-किरणांची लाट १.१ अँगस्ट्रॉमची. फटींच्या अंतराशी तिचा मेळ बसतो. पण फोटॉनानं गमावलेली ऊर्जा त्याच्या एकूण ऊर्जेच्या मानानं नगण्य असते. अर्धा, एक, दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट, तेही ११ हजारांतून. ती ओळखायला फोटॉनची ऊर्जा सुमारे २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेमकी मोजावी लागते, म्हणजे साडेचार लाखांत एक. त्यासाठी सिलिकॉनचे गोलाकार आरसे असतात. मी ते जवळून पाहिले. लांबून सलग वाटणारा पृष्ठभाग प्रत्यक्षात बारीक सिलिकॉन ठोकळ्यांचा बनलेला आहे, एकेक ठोकळा वेगळा कापून वक्र काचेवर बसवलेला. सिलिकॉनची चकती नुसती वाकवली तर आतल्या ताणानं तिचा नेमकेपणा जातो, म्हणून हा खटाटोप. स्फटिक, आरसा आणि शोधक हे तिघे एका काल्पनिक वर्तुळावर बसवतात आणि आरसा किरण जवळपास आल्या वाटेनंच परतवतो.

शोधक मूळ झोताशी ९० अंशात ठेवला होता. त्यालाही कारण आहे. सिंक्रोट्रॉनचा प्रकाश आडव्या दिशेनं ध्रुवित असतो, त्यामुळे त्याच आडव्या पातळीत काटकोनात ऊर्जा न गमावता येणारे फोटॉन जवळपास उरतच नाहीत. तो गोंगाट शमला की मोजकं ऐकू येतं. मग शोधक न हलवता स्फटिकच थोडा थोडा फिरवायचा. दरवेळी जोडीच्या रेषेत फोटॉनानं दिलेला संवेग बदलतो, आणि दोन वाटांमधली तफावतही.

रात्र वाढत गेली तसा पडद्यावर एकेक वर्णपट जमू लागला. शोधकावर सेकंदाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके फोटॉन. एका वर्णपटाला बराच वेळ लागे, आणि सुरुवातीला तो नुसता ठिपक्यांचा कचरा दिसे. मग त्यातून तीन उंचवटे वर येत. १९०९ मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलरनं इतक्या मंद प्रकाशात सुईच्या सावलीचे पट्टे टिपले होते की सर्वांत लांब छायाचित्राला सुमारे दोन हजार तास लागले. त्याची मला त्या रात्री फार आठवण झाली. इथेही प्रत्येक फोटॉन एकटाच येतो. दुसऱ्या फोटॉनाशी त्याचा काही संबंध नाही, त्याची गाठ पडते ती स्वतःच्याच दुसऱ्या वाटेशी.

स्फटिक काही अंश फिरवून घेतलेल्या एका वर्णपटात मधला उंचवटा खचला. आधीच्या वर्णपटात तो सर्वांत उंच होता. मला वाटलं झोत सरकला असेल, पण शेजारचा उंचवटा तेवढ्यातच वाढला होता. झोत सरकता तर दोन्ही खचले असते. पुढच्या कोनात मधला आणखी खाली गेला, जवळपास पार्श्वभूमीला टेकला. त्यापुढच्या कोनात परत वर येऊ लागला.

दादा मागे येऊन उभे होते. “काय पाहून राहिली?”

“हा गेला आणि हा आला.”

“कोणाचा कोणता आहे, ते सांग आता.”

वहीत मी उंचवट्यांची उंची संवेगासमोर मांडली होती. एकाची लाट जिथे शिखरावर, तिथे दुसऱ्याची तळाशी. एक कोसाइनचा वर्ग, दुसरा साइनचा. याचा अर्थ, एका उत्तेजनात जोडीच्या दोन टोकांची सममिती एका प्रकारची, दुसऱ्यात उलट. जोडीच्या मध्यबिंदूतून आरपार पाहिलं तर एक अवस्था तशीच राहते, दुसरीचं चिन्ह पालटतं. ऊर्जेचा आकडा आधीही मिळत होता, पण ऊर्जा सांगत नाही की अवस्था कशी बनली आहे. लाटेनं ते सांगितलं.

मला त्याहून जास्त हलवलं ते लाटेच्या लांबीनं. स्फटिकाचा एकक कोष जोडीच्या दिशेनं १४-१५ अँगस्ट्रॉम उंच. स्फटिकातली नेहमीची कुठलीही गोष्ट त्या कोषाच्या तालावर, पूर्ण आकड्यांना पुन्हा उमटते. आमची लाट तशी नव्हती. ती जाळीच्या मापात सहाच्या थोडी अलीकडेच पुरी होत होती. त्या अपूर्णांकातून उलटं गणित केलं की अंतर येतं सुमारे अडीच अँगस्ट्रॉम. जाळीला या अंतराचं काही सोयरसुतक नाही. ते जोडीचं स्वतःचं आहे. कागदावर तो आकडा काढला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पुंजभौतिकीतला सहसंबंध ही पट्टीवर वाचता येणारी गोष्ट आहे. किती अंतरापर्यंत दोन अणू मिळून एक आहेत, कुठल्या सममितीनं आहेत, आणि काळे भाग किती काळे पडतात त्यावरून किती पक्के आहेत, हे सगळं त्या लाटेत लिहिलेलं होतं.

यात मला अजूनही थक्क करणारी गोष्ट ही की पुरावा जिथे प्रकाश येत नाही तिथे आहे. उजळ भाग दोन सुट्या अणूंकडूनही मिळू शकले असते. दोन सुटे अणू काळा भाग देऊ शकत नाहीत. त्यांची तीव्रता नुसती बेरजेत येते, आणि बेरीज शून्य होत नाही. इलेक्ट्रॉन जर आपापल्या अणूला धरून बसले असते तर मधला उंचवटा रात्रभर तसाच राहिला असता.

परतल्यावर मी या पद्धतीचा पुढचा प्रवास वाचत गेले. जोड्या ठळकपणे वेगळ्या काढलेल्या स्फटिकात हे दिसणं एक झालं. २०२० मध्ये त्याच गटानं सोडियम इरिडेट या पदार्थावर तेच केलं. त्यात इरिडियम मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत सर्वत्र पसरलेले असतात, जोड्या अशा नसतातच. प्रत्येक अणूला तीन शेजारी, तीन दिशांना. अलेक्सी किताएव यांनी २००६ मध्ये अशाच जाळीचं एक प्रारूप सोडवलं होतं. त्यात प्रत्येक बंधाची चुंबकीय पसंती त्याच्या दिशेप्रमाणे वेगळी असते, आणि म्हणून इलेक्ट्रॉनांच्या फिरक्यांना, म्हणजे स्पिनना, शिस्तीत रांग लावताच येत नाही. तरीही त्या एकमेकींपासून तुटत नाहीत. अगदी लगतच्या दोघींमध्ये सहसंबंध राहतो, पलीकडे नाही. ही गोष्ट खऱ्या पदार्थात ओळखायची कशी, यावर बराच काळ वाद होता, कारण थंड केल्यावर सोडियम इरिडेट शेवटी रांग लावतंच. या मोजणीत साध्या साइन लाटेसारखा आकार मिळाला, फक्त लगतच्या शेजाऱ्यांच्या अंतराचा. आणि तो खोलीच्या तापमानालाही टिकून होता, जिथे रांगेचा मागमूस नसतो. मी हा लेख वाचला तेव्हा बीमलाइनवर जागल्याचं चीज झालं असं वाटलं. आमच्या जोडीतली लाट ही सर्वांत सोपी बाराखडी होती, आणि त्या अक्षरांत लिहिलेलं अवघड वाक्य मला आता वाचता येत होतं.

एन्टँगलमेंटचा शब्द मी इथवर मुद्दाम टाळला. पट्टे दिसले की एन्टँगलमेंट सिद्ध झाली असं म्हणायची घाई करू नये, असं माझं मत आहे. एकच इलेक्ट्रॉन दोन अणूंवर पसरणं आणि अनेक इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वेगळी कसोटी लागते. २०१६ मध्ये काही सिद्धान्तकारांनी क्वांटम फिशर इन्फर्मेशन नावाची राशी मोजलेल्या वर्णपटावरूनच काढता येते असं दाखवलं. ती ठरावीक मर्यादेच्या वर गेली की निदान इतके घटक गुंतलेले आहेत असं ठामपणे म्हणता येतं. न्यूट्रॉन वापरून तांब्याच्या फिरक्यांच्या साखळीत तसं केलंही गेलं आहे. क्ष-किरणांना ते अधिक कठीण आहे, कारण आपण मोजतो ती तीव्रता आणि हवी असलेली राशी यांच्यामध्ये आतल्या भोकाचा तो क्षणभराचा कारभार येतो. तो वजा कसा करायचा, यावर आमच्याकडे दर आठवड्याच्या बैठकीत फळा भरतो.

सध्या मी चार फटींच्या मागे आहे. गॅलियम, टँटलम आणि सेलेनियमच्या एका स्फटिकात टँटलमचे अणू चार-चारांच्या चतुष्फलकात बसतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन चौघांत मिळून राहतात. टँटलमसाठी फोटॉनची ऊर्जा ९.८८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आणावी लागते आणि संवेग एका रेषेत नव्हे तर तिन्ही दिशांना फिरवावा लागतो, तेव्हा कुठे चार वाटांचा नकाशा पुरा होतो. तो प्रयोग इतरांनी केला आहे. दाब वाढवल्यावर चौघांची ही एकजूट मोडते की आणखी पसरते, हे मला बघायचं आहे. दाबाखाली स्फटिक हिऱ्यांच्या चिमटीत धरावा लागतो, आणि हिरा या ऊर्जेचे बरेच फोटॉन गिळतो. काटकोनातून बाहेर येणारा किरण हिऱ्याऐवजी बाजूच्या बेरिलियमच्या कड्यातून कसा काढता येईल, याची आकृती मी कालच दादांना पाठवली. अर्जाची मुदत सप्टेंबरात आहे.